रिकाम्या खोबणीची मुदत

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन शहरातील सुखवस्तू स्त्रीपुरुषांत, आपला किडका दात काढून त्याच्या जागी दुसऱ्या माणसाचा नुकताच उपटलेला दात बसवून घेण्याची जी टूम निघाली होती, तिला शास्त्राचा आधार लाभला तो जॉन हंटर या नामांकित शल्यविशारदाच्या लेखणीतून. १७७१ साली मानवी दातांच्या रचनेवर आणि १७७८ साली त्यांच्या विकारांवर ग्रंथ लिहून, जत्रेत बसणाऱ्या दातकाढ्यांच्या हातचा हा धंदा ज्याने शरीरशास्त्राच्या दरबारात नेला, त्याच पुरुषाने दात बसवायचा तर तो विलंब न लावता बसवावा आणि पहिला दात खोबणीत नीट न बसल्यास दुसरा हाताशी असावा म्हणून दात विकणारी माणसे एकाहून अधिक जवळ बोलावून ठेवावीत, असा सल्ला बिनदिक्कत देऊन ठेवला आहे. टॉमस रोलंडसन याने १७८७ साली काढलेल्या व्यंगचित्रात धुराडी साफ करणाऱ्या एका काजळलेल्या पोराचा दात उपटला जात आहे आणि तो कोणासाठी हे शेजारी बसलेल्या नटव्या बाईकडे पाहताच कळते. हंटरने मानवी दात कोंबड्याच्या तुऱ्यातही रोवून पाहिला होता, आणि तो नमुना लंडनमधील त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. परक्याचे दात अर्थातच फार काळ टिकत नसत. त्यांच्याबरोबर परक्याचे रोगही येत, आणि नवे शतक उजाडता उजाडता ही टूम विरली. परंतु एक प्रश्न तिने मागे ठेवला: दात निघाल्यावर त्याच्या रिकाम्या खोबणीत दुसरे मूळ रोवायचे तर ते केव्हा?

हंटरचे उत्तर ‘तत्क्षणी’ असे होते. १८०९ साली फ्रान्समध्ये मॅजिओलो नावाच्या दंतवैद्याने जिवंत दाताऐवजी सोन्याचे मूळ घडविले व तेही ताज्या खोबणीतच बसविले. मात्र त्यावर वरचा दात चढविण्यासाठी जखम भरून येईपर्यंत थांबावे, एवढा विवेक त्याने दाखविला. हिरड्या सुजल्या, रोग्यांना वेदना झाल्या, आणि सोन्याची ती मुळे इतिहासाच्या अडगळीत गेली. पुढे एका शतकाने अमेरिकेत ग्रीनफील्ड या दंतवैद्याने नेमकी उलट वाट धरली: दात जाऊन कधीच भरून आलेल्या हाडात गोल करवतीने वर्तुळाकार खाच पाडावी आणि इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेचा लहानसा पिंजरा तीत बसवावा, अशी रीत त्याने १९१३ साली प्रसिद्ध केली. पुढील पन्नास वर्षांत धातू बदलले, आकार बदलले, मळसूत्रे आली, पाती आली, हाडावर टेकणारे जाळीदार सांगाडे आले. यशापयशाचा हिशेब मात्र कोणी चोख ठेवला नाही, आणि म्हणून विद्यापीठांतील प्राध्यापक मंडळी या सगळ्या खटाटोपाकडे वैदूगिरी म्हणून पाहत असत. ती अगदीच अन्यायाने पाहत असत असे म्हणवत नाही.

या विद्येला प्रतिष्ठा मिळवून दिली ती दंतवैद्य नसलेल्या एका माणसाने. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात १९५२ च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा तरुण शरीरशास्त्रज्ञ सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नाजूक पाहणी-पेटी बसवून, हाडातील रक्ताचा प्रवाह जिवंतपणी कसा चालतो याचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करीत होता. टायटॅनियम त्या काळी दुर्मिळ आणि महाग. तेव्हा प्रयोग संपताच पेटी काढून पुढच्या सशासाठी वापरावी हा साधा काटकसरी बेत होता. पेटी निघेना. हाड तिला असे बिलगले होते की हाड फोडल्याखेरीज ती सुटणे शक्य नव्हते. ज्या गोष्टीबद्दल दुसऱ्या संशोधकाने कपाळावर हात मारून घेतला असता, त्या गोष्टीवर या गृहस्थाने उभे आयुष्य वेचले. गोथेनबर्ग येथे आल्यावर कुत्र्यांवर प्रयोग झाले, मनुष्य-स्वयंसेवकांच्या दंडाच्या त्वचेत पेट्या बसवून झाल्या, आणि १९६५ साली जन्मतःच टाळू दुभंगलेल्या व जबड्याची ठेवण बिघडलेल्या गोस्टा लार्सन या रोग्याच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू रोवले गेले. लार्सन २००६ साली वारला. तोवर, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे, तो त्याच स्क्रूंवर बसविलेल्या दातांनी जेवीत होता.

ब्रोनेमार्कच्या पद्धतीचे मर्म धातूत जितके होते तितकेच सबुरीत होते, आणि ही सबुरी स्वभावातून नव्हे तर हाडाच्या धर्मातून आलेली होती. हाडात भोक पाडताना ते तापू नये म्हणून छिद्रक मंद गतीने चालवावा व त्यावर सलाइनची धार सोडावी. कारण हाडाचे तपमान ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिले तरी त्याच्या पेशी दगावतात, हे त्याच्याच गोथेनबर्गमधील सहकाऱ्यांनी पुढे सशांवर दाखवून दिले. स्क्रू बसल्यावर हिरडी शिवून त्यास पूर्णपणे झाकून टाकावे. पहिले दोन आठवडे रोग्याने कवळी लावू नये. खालच्या जबड्यात तीनचार महिने आणि वरच्या भुसभुशीत जबड्यात सहा महिने त्यावर कसलाही भार पडू देऊ नये. मगच हिरडी पुन्हा उघडून दात चढवावेत. आणि मुळात दात काढलेला असेल तर खोबण हाडाने भरून येईपर्यंत, कित्येक महिने, स्क्रूचे नावच काढू नये.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे, आणि पुढील चाळीस वर्षांच्या वादाची गुरुकिल्ली माझ्या मते तीच आहे. ब्रोनेमार्कचे आरंभीचे रोगी वर्षानुवर्षे कवळी लावणारे, तोंडात एकही दात नसलेले लोक होते. दात काढल्यावर किती थांबावे हा प्रश्न त्यांच्यापुरता उद्भवतच नव्हता. त्यांचे दात जाऊन एक पिढी उलटली होती. भार न घालण्याची मुदत निदान अनुभवातून ठरली होती, परंतु खोबण भरण्याची मुदत ही खबरदारी म्हणून पडलेला पायंडा होता; आणि पायंडा एकदा नियमाच्या वहीत उतरला की त्याचा मूळ पुरावा कोणता हे विचारण्याची कोणास आठवण राहत नाही.

१९७७ साली दहा वर्षांचा आणि १९८१ साली पंधरा वर्षांचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९८२ साली टोरोंटो येथे जॉर्ज झार्ब यांनी भरविलेल्या परिषदेत उत्तर अमेरिकेतील प्राध्यापकांनी ही पद्धत मान्य केली, आणि वैदूगिरीचा आरोप एका बैठकीत मागे पडला. स्क्रू कारखान्यात घडविण्यासाठी ब्रोनेमार्कने १९७८ साली ज्या कंपनीशी करार केला, ती तोफा ओतणारी बोफोर्स. तीच, जिच्या नावाने १९८७ नंतर आपल्याकडील वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले आणि पुढे दिल्लीचे सरकार डळमळले. दारूगोळ्याच्या कारखान्यात दाताच्या मुळांची पैदास व्हावी, हा योगायोग तेव्हा इकडे कोणाच्या लक्षात आल्याचे ऐकिवात नाही.

रोग्याच्या बाजूने पाहता ही सबुरी सोपी नव्हती. समोरचा दात अपघातात गेलेल्या तरुणाला आधी खोबण भरण्याची वाट पाहावयाची, मग स्क्रू, मग पुन्हा सहा महिने, अशी वर्ष-दीड वर्षाची मुदत काढता-घालता येणाऱ्या दातावर काढावी लागे, आणि हसताना हात तोंडावर जाई. शिवाय दात नसलेल्या जागी हिरडीखालचे हाड झिजत चालले आहे, हे दंतवैद्यास कवळ्यांच्या अनुभवाने ठाऊकच होते. अमेरिकेत अ‍ॅम्लर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० साली माणसांच्या भरून येत असलेल्या खोबणींतील ऊतींचे तुकडे तपासून, रक्ताची गुठळी आठवड्याभरात कोवळ्या ऊतीला जागा देते, हिरडीचे आवरण जखमेवर पूर्ण चढावयास २४ ते ३५ दिवस लागतात आणि ३८ व्या दिवशी खोबणीचा दोनतृतीयांश भाग नव्या हाडाने भरलेला असतो, असे दाखविले होते. म्हणजे आतून खोबण भरत असते. आणि त्याच वेळी बाहेरून जबडा खचत असतो. १९६७ साली पिएत्रोकोव्स्की व मॅसलर यांनी मापे घेऊन, हा खच जिभेच्या बाजूपेक्षा ओठ-गालाच्या बाजूला अधिक होतो असेही नोंदविले. ही नोंद दीर्घकाळ केवळ नोंदच राहिली.

सबुरीविरुद्ध पहिले शिस्तबद्ध बंड जर्मनीत झाले. ट्यूबिंगेन विद्यापीठात विली शुल्टे यांनी १९७० नंतरच्या दशकात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या शुभ्र चिनीमातीसारख्या पदार्थाचे, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत जाणारे मूळ तयार केले, जेणेकरून ते दाताच्या खोबणीला जवळपास जुळावे आणि दात काढला त्याच बैठकीत बसावे. ‘ट्यूबिंगेनचे तात्काळ रोपण’ हेच त्याचे नाव पडले. खोबण रिकामी राहिली म्हणून हाड झिजते, तेव्हा ती रिकामी राहूच द्यावयाची नाही, हे त्यामागील सरळ तर्कशास्त्र होते. चिनीमाती ठिसूळ, म्हणून ही मुळे कधी कधी मोडत. पुढे तोच आकार टायटॅनियममध्ये उतरला. परंतु तर्कशास्त्र तेच राहिले, आणि ते इतके गोड होते की त्याची परीक्षा घ्यावी असे पंधरावीस वर्षे फारसे कोणास वाटले नाही.

१९८९ साली अमेरिकेत रिचर्ड लझारा यांनी दात काढताच स्क्रू बसवून त्याच्या तोंडावर पडदा अंथरण्याची पद्धत मांडली. हा पडदा गोथेनबर्गचाच: हिरडीची वेगाने वाढणारी ऊती आत शिरू न दिल्यास संथ वाढणारे हाड आपली जागा भरून काढते, हे तेथे डाहलिन व सहकाऱ्यांनी १९८८ साली सिद्ध केले होते, आणि पडद्याचे द्रव्य पावसाळी कोटांच्या गोअर-टेक्स कापडाचे सगोत्र. खोबण अंडाकृती, स्क्रू गोल. दोहोंमधील फट या पडद्याखाली भरून येई. कधी पडदा उघडा पडे, जंतू शिरत, आणि सगळे मुसळ केरात जाई. पण जेव्हा साधे तेव्हा रोग्याचे कित्येक महिने वाचत. १९९० नंतरच्या दशकात तात्काळ रोपणाची लाट सर्वत्र पसरली, आणि स्क्रू खोबणीत रोवला की हाड जागच्या जागी राहते हे विधान व्याख्यानांतून वस्तुस्थितीच्या थाटात केले जाऊ लागले.

त्या विधानाचा निकाल लागला तो २००३ ते २००५ या अल्प काळात. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे श्रॉप व सहकाऱ्यांनी ४६ रोग्यांच्या उपदाढा व दाढा काढल्यावर वर्षभर मोजणी केली, तेव्हा जबड्याच्या त्या भागाची रुंदी सरासरी १२ मिलिमीटरवरून सुमारे ५.९ मिलिमीटरवर आल्याचे, आणि त्यातील दोनतृतीयांश घट पहिल्या तीनच महिन्यांत झाल्याचे आढळले. पुढच्याच वर्षी गोथेनबर्गच्या बोटिचेल्ली, बर्गलुंड व लिंडे यांनी १८ रोग्यांत दात काढताच बसविलेल्या २१ स्क्रूंभोवतालचे हाड चार महिन्यांनी पुन्हा उघडून पाहिले. स्क्रूभोवतीची फट बहुतेक ठिकाणी भरलेली होती. परंतु ओठाच्या बाजूचे हाड ५६ टक्के आणि जिभेच्या बाजूचे ३० टक्के आतल्या आत आटले होते. स्क्रू होता तेथेच होता; भिंत त्याला सोडून चालली होती.

का, याचे उत्तर यान लिंडे व ब्राझीलमधील मॉरिसियो आराऊजो यांनी २००५ साली बारा कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात सापडले. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये असंख्य सूक्ष्म तंतू असतात, आणि त्यांची टोके ज्यात रुतलेली असतात तो हाडाचा पातळ थर खोबणीच्या आतील बाजूस अस्तराप्रमाणे असतो. हा थर जबड्याचा नव्हे, दाताचा. दात उगवतो तेव्हा तो तयार होतो आणि दात जातो तेव्हा त्याचे प्रयोजन संपते. जिभेच्या बाजूची भिंत जाड असल्याने अस्तर गेले तरी मागे हाड उरते. ओठाच्या बाजूस वरच्या कडेला मात्र भिंत म्हणून जे काही असते ते बहुतांशी हे अस्तरच असते. आठव्या आठवड्यात ओठाच्या बाजूची कड जिभेच्या बाजूपेक्षा सुमारे दोन मिलिमीटर खाली गेलेली दिसली. आणि त्याच वर्षी त्याच गटाने ताज्या खोबणीत स्क्रू रोवून तुलना केली असता, स्क्रू असो वा नसो, तीन महिन्यांनी ही घट सारखीच भरली. शुल्टे यांचे सरळ तर्कशास्त्र येथे कोसळले. ब्रोनेमार्कच्या गावानेच त्याचा निकाल द्यावा, आणि तो देताना ब्रोनेमार्कच्या लांबलचक मुदतीचीही बाजू घेऊ नये, ही या प्रकरणातील मौज. कारण जी भिंत पहिल्या तीन महिन्यांतच निघून जाते तिच्यासाठी कित्येक महिने थांबण्यातही अर्थ नाही.

मुदतीच्या नावांचा घोळही दरम्यान शिगेला पोहोचला होता. कोणी सहा आठवड्यांना ‘विलंबित’ म्हणे, तर कोणी ‘तात्काळ-विलंबित’ अशी व्याघाती संज्ञा वापरी. जुन्या संस्थानी अमदानीत जसा गावागणिक शेर वेगळा, तशी ग्रंथागणिक मुदत वेगळी, त्यामुळे एकाच्या यशाची दुसऱ्याच्या यशाशी तुलना करणे अशक्य. २००३ साली स्वित्झर्लंडमधील ग्श्टाड येथे भरलेल्या परिषदेत झ्युरिकचे हेमर्ले, मेलबर्नचे चेन आणि डॅलसचे विल्सन यांनी यातून काढलेला मार्ग मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दिवस मोजू नका, जखम पाहा, असे त्यांनी सांगितले. दात काढला त्याच बैठकीत रोपण हा पहिला प्रकार. हिरडी पूर्ण मिटल्यावरचा, म्हणजे साधारण चार ते आठ आठवड्यांचा, दुसरा. क्ष-किरणांत खोबण बऱ्यापैकी हाडाने भरलेली दिसू लागते तो, सुमारे बारा ते सोळा आठवड्यांचा, तिसरा. आणि पूर्ण भरलेल्या जागेचा, त्यापुढचा, चौथा. आठवड्यांचे आकडे दिले, पण ते अंदाजापुरते; एकाची हिरडी पाचव्या आठवड्यात मिटेल, मधुमेह्याची नवव्यातही मिटणार नाही, आणि वर्ग ठरेल तो हिरडीवरून.

यानंतर दंतवैद्याचा हात बदलला. दात काढताना पूर्वी चिमट्याने हलवून हलवून खोबण रुंद करीत. आता पातळ पात्याने मुळाभोवतालचे तंतू कापून, ओठाच्या बाजूला जराही रेटा न देता दात वर उचलतात, कारण ती भिंत माणसाच्या पुढच्या दातांपाशी बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते आणि नखाने दाबली तरी मोडावी अशी. स्क्रू खोबणीच्या मध्यावर न रोवता टाळूच्या बाजूला सरकवून रोवतात. एव्हान्स व चेन यांनी २००८ साली ४२ रोग्यांच्या पाहणीत, ओठाकडे झुकलेल्या स्क्रूवरील हिरडी सरासरी १.८ मिलिमीटर मागे सरल्याचे आणि आत सरकवलेल्या स्क्रूवरील केवळ ०.६ मिलिमीटर सरल्याचे दाखविले होते. कागदावर हा फरक क्षुल्लक, पण हसणाऱ्या माणसाच्या समोरच्या दातावर तो शेजारपाजारच्यांनाही दिसतो. उरलेल्या फटीत गुरांच्या हाडापासून केलेली भुकटी भरतात. ती कशाची आहे हे आपल्याकडे पुष्कळ रोग्यांस जाणून घ्यावयाचे असते, आणि दंतवैद्याने ते न विचारता सांगावे हेच बरे.

बर्न येथे डॅनिएल बूझर यांनी दुसऱ्या प्रकारावर भिस्त ठेवली. भिंत जाणारच आहे तर जाऊ द्यावी. दोन महिन्यांत हिरडी मिटून जी मुबलक नवी त्वचा मिळते ती पदरात पाडून घ्यावी, मग स्क्रू रोवून त्याच्या बाहेरच्या अंगाला रोग्याच्याच हाडाचा चुरा व त्यावर भुकटीचा थर देऊन गेलेल्या भिंतीची नवी भिंत घडवावी, आणि कोलॅजनच्या पडद्याने ती झाकावी. याउलट, पहिल्याच दिवशी मूळ रोवणारे पंथही जोमात आहेत आणि रोग्याचा कल त्यांच्याकडे आहे, यात नवल नाही. २०१९ साली कोसिन व सहकाऱ्यांनी पूर्वीच्या अभ्यासांची एकत्र बेरीज केली तेव्हा तात्काळ रोवलेल्या स्क्रूंपैकी ९४.९ टक्के आणि भरलेल्या जागी रोवलेल्यांपैकी ९८.९ टक्के टिकल्याचे दिसले. म्हणजे घाईची किंमत शंभरात सुमारे चार स्क्रू. ती द्यावी की न द्यावी हे त्या शंभरांतील प्रत्येकाने आपापल्या तोंडाकडे पाहून ठरवावे.

या वादातील सर्वांत चमत्कारिक तोडगा म्युनिकमध्ये निघाला. भिंत दाताची असेल आणि दाताबरोबर जाणार असेल, तर दात पुरता काढूच नये, अशी युक्ती हुर्त्सेलर, त्सूर व शूपबाख यांनी २०१० साली मांडली: मूळ उभे चिरावे, टाळूकडचा तुकडा बाहेर काढावा, ओठाकडची पातळ कपची तिच्या तंतूंसह जागीच राहू द्यावी, आणि तिच्यामागे स्क्रू रोवावा. त्यांचा पहिला पुरावा म्हणजे एक बीगल कुत्रा आणि एक मनुष्य-रोगी. पुढील दशकात ही पद्धत अनेक देशांत पोहोचली. कपची पुढे सुटली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला तर काय करावे, यावर मात्र अद्याप दंतवैद्यांत एकमत झालेले नाही.